कमलादेवी चट्टोपाध्याय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमलादेवी चट्टोपाध्याय (१९०३–१९८८) यांच्या जीवनाविषयी आणि त्यांनी उभारलेल्या संस्थांविषयी पुन्हा पुन्हा पुढे येणारे प्रश्न व त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी दोन ओळींत आटोपली जाते आणि हस्तकलेच्या संदर्भात त्यांचे नाव केवळ आदराने घेतले जाते. त्यांचे खरे कसब मात्र कारभारात होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यामुळे उत्तरांचा भर त्या बाजूला अधिक आहे.

कमलादेवी चट्टोपाध्याय यांची थोडक्यात ओळख काय?

स्वातंत्र्यलढ्यातील समाजवादी कार्यकर्त्या, अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या संघटन-सचिव, फाळणीनंतरच्या निर्वासितांसाठी काम करणाऱ्या भारतीय सहकारी संघाच्या (इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन) संस्थापक, अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष आणि संगीत नाटक अकादमीच्या अध्यक्ष, अशी त्यांच्या पदांची यादी देता येईल. या यादीत सरकारी आणि बिनसरकारी संस्था एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, आणि हीच त्यांच्या कार्यपद्धतीची खूण आहे. सरकारी मंडळावर बसून त्या स्वयंसेवी संस्थेसाठी वाट मोकळी करीत, आणि स्वयंसेवी संस्थेत एखादी गोष्ट चालते हे दाखवून झाले की ती सरकारच्या गळी उतरवीत.

आडनाव बंगाली आहे. मग त्या बंगाली होत्या का?

नाही. त्यांचा जन्म ३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूर येथे एका सारस्वत कुटुंबात झाला आणि त्यांचे माहेरचे आडनाव धारेश्वर होते. वडील अनंतय्या धारेश्वर हे ब्रिटिश सरकारच्या सेवेत जिल्हाधिकारी होते. आई गिरिजाबाई कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील एका जमीनदार घराण्यातल्या होत्या. मराठी वाचकाला हे घर फारसे परके वाटणार नाही, कारण गोपाळ कृष्ण गोखले आणि रमाबाई रानडे यांच्यासारख्या मंडळींशी या कुटुंबाचा स्नेह होता. चट्टोपाध्याय हे आडनाव त्यांना दुसऱ्या विवाहाने मिळाले.

वडिलांच्या संपत्तीसंबंधी जो प्रसंग सांगितला जातो, तो काय आहे?

कमलादेवी सात वर्षांच्या असताना वडील वारले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते, त्यामुळे त्या काळच्या रीतीप्रमाणे आणि कायद्याप्रमाणे सर्व मालमत्ता पहिल्या पत्नीच्या मुलाकडे गेली आणि गिरिजाबाईंच्या वाट्याला दरमहा मिळणाऱ्या पोटगीपलीकडे काही उरले नाही. गिरिजाबाईंनी ती पोटगी नाकारली, आणि माहेरहून मिळालेल्या स्त्रीधनावर मुलींना वाढवण्याचे ठरवले.

हा प्रसंग चरित्रकार सहसा आईच्या बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. आपल्या नावावर काही नसलेली बाई घरात कितीही मानाची असली तरी एका रात्रीत दुसऱ्याच्या मेहेरबानीवर येते, हे कमलादेवींनी कोणत्याही पुस्तकात वाचण्यापूर्वी स्वतःच्या घरात पाहिले होते. पुढे स्त्रियांच्या प्रश्नावर बोलताना त्या मजुरीविषयी, घरकामाच्या आर्थिक मोलाविषयी आणि मिळकतीविषयी इतक्या हट्टाने का बोलत, याचे मूळ बहुधा येथेच असावे.

त्यांच्या विवाहांविषयी नेमकी माहिती काय आहे?

पहिला विवाह १९१७ मध्ये, चौदाव्या वर्षी झाला आणि दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, पती कृष्णराव यांचे निधन झाले. त्यानंतर त्या मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजात शिकत असताना सुहासिनी चट्टोपाध्याय यांच्याशी त्यांची मैत्री झाली. सुहासिनी या सरोजिनी नायडूंच्या धाकट्या बहीण. त्यांच्यामार्फत कवी, नाटककार व नट असलेले त्यांचे बंधू हरींद्रनाथ यांची ओळख झाली आणि वयाच्या विशीत कमलादेवींनी त्यांच्याशी विवाह केला. विधवेने, तेही जातीबाहेर, लग्न करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. टीका झाली, पण आई पाठीशी उभी राहिली. दोघांनी मिळून नाटके केली, दौरे काढले. मुलगा रामकृष्ण याच विवाहातला. हा संसार टिकला नाही आणि दोघे रीतसर विभक्त झाले. हरींद्रनाथ पुढे लोकसभेवर निवडून गेले, आणि हिंदी चित्रपटांतले खट्याळ आजोबा म्हणून नंतरच्या पिढीने त्यांना ओळखले.

१९२६ च्या निवडणुकीत काय घडले?

स्त्रियांना मद्रास प्रांताच्या कायदेमंडळात बसण्याची मुभा नुकतीच मिळाली होती. आयरिश कार्यकर्त्या मार्गारेट कझिन्स यांच्या आग्रहावरून कमलादेवींनी उमेदवारी भरली आणि कायदेमंडळाच्या जागेसाठी निवडणूक लढवणारी भारतातील पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. प्रचाराला हाती दिवस अगदी मोजके होते. त्या पडल्या, पण फारच थोड्या मतांनी.

पुणे आणि मुंबईशी त्यांचा संबंध कसा आला?

पुण्याशी संबंध आला तो महिला परिषदेमुळे. १९२७ च्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालयात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या. सुरुवातीचा विषय स्त्रीशिक्षणापुरता मर्यादित होता. तो लवकरच बालविवाह, वारसाहक्क अशा दिशांनी फैलावला. कमलादेवी परिषदेच्या पहिल्या संघटन-सचिव झाल्या. या पदाला मान कमी आणि पायपीट जास्त असते. गावोगाव शाखा काढणे, वर्गणी गोळा करणे, संस्थानिकांच्या राण्या आणि शाळामास्तरणी यांना एका सतरंजीवर बसवणे, ही त्यांची संस्थाकार्यातली उमेदवारी म्हणता येईल. दिल्लीचे लेडी अर्विन कॉलेज (१९३२) या परिषदेच्याच प्रयत्नांतून उभे राहिले.

मुंबईशी असलेला संबंध मिठाच्या सत्याग्रहाचा. दांडीयात्रेच्या तुकडीत गांधीजींनी स्त्रियांना घेतले नव्हते. कमलादेवींना हे मान्य नव्हते; त्यांनी गांधीजींची भेट घेऊन सत्याग्रहात स्त्रियांना मोकळीक असावी, हे त्यांच्याकडून वदवून घेतले. मुंबईच्या किनाऱ्यावर मीठ तयार करणाऱ्या सात जणांच्या पहिल्या तुकडीत दोनच स्त्रिया होत्या : कमलादेवी आणि अवंतिकाबाई गोखले. त्यानंतर त्या मिठाच्या पुड्या घेऊन थेट मुंबईच्या शेअर बाजारात शिरल्या आणि दलालांच्या गर्दीत ते मीठ विकले. न्यायालयात उभे केले असता त्यांनी न्यायाधीशालाच, आपण हे स्वातंत्र्याचे मीठ विकत घेणार का, असे विचारले. शिक्षा अर्थातच झाली.

शेअर बाजाराची निवड पाहण्यासारखी आहे. मीठ कोठेही विकता आले असते. पण जेथे भाव ठरतो तेथेच माल नेऊन ठेवायचा, ही बाजाराची जाण त्यात दिसते, आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या कामात ती त्यांना फार उपयोगी पडली.

तिसरा संबंध रंगभूमीचा आहे. तो पुढे स्वतंत्रपणे आला आहे. त्यांचे निधनही २९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईतच झाले.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी मंत्रिपद किंवा राज्यपालपद का घेतले नाही?

१९३६ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाचे अध्यक्षपद भूषवलेल्या आणि अनेक वेळा तुरुंगात गेलेल्या व्यक्तीला सत्तेत जागा मिळणे अवघड नव्हते. पण सत्तेतल्या पदांपासून त्या दूर राहिल्या. एक कारण तत्त्वाचे होते : समाजवादी गट काँग्रेसमधून बाहेर पडत होता आणि फाळणीच्या मार्गाने आलेल्या स्वातंत्र्याविषयी त्यांच्या मनात कडवटपणा होता. दुसरे कारण साधे आहे. १९४७ च्या उत्तरार्धात दिल्लीत निर्वासितांच्या छावण्या भरल्या होत्या, आणि त्यांचे काय करायचे हा प्रश्न कोणत्याही खात्यापेक्षा निकडीचा होता.

भारतीय सहकारी संघ ही संस्था कशी सुरू झाली?

निर्वासितांना धान्य आणि घोंगड्या वाटणारे पुष्कळ होते. कमलादेवींचे म्हणणे असे पडले की, वाटपाने माणूस जगतो पण छावणीतून बाहेर पडत नाही. त्याला स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था काढून दिली पाहिजे. त्यांनी ही कल्पना गांधीजींपुढे मांडली तेव्हा त्यांनी होकार दिला, पण सरकारकडे मदत मागायची नाही, या अटीवर. १९४८ मध्ये संघ स्थापन झाला. पहिला प्रयोग दिल्लीच्या दक्षिणेला छतरपूर येथे शेतीच्या सहकारी संस्थेचा होता.

सर्वांत मोठे काम फरीदाबादचे. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या सुमारे पन्नास हजार निर्वासितांना विखरून निरनिराळ्या ठिकाणी पाठवायचे घाटत होते आणि त्यांना एकत्रच राहायचे होते. दिल्लीच्या दक्षिणेकडील ओसाड जमिनीवर त्यांच्यासाठी नगर वसवण्याचे ठरले. कंत्राटदार नेमण्याऐवजी निर्वासितांच्याच सहकारी संस्थांनी घरे बांधावीत, असा संघाचा आग्रह होता. यांतील बहुतेक जण दुकानदार, व्यापारी, कारकून. थापी कधी हातात न धरलेले. त्यांना गवंडीकाम, सुतारकाम शिकवावे लागले. घर बांधता बांधता मजुरी मिळाली, मजुरीबरोबर धंदा हाती आला, आणि बांधून झाले तेव्हा राहायला छप्परही मिळाले. या कामात कमलादेवींचे तरुण सहकारी लक्ष्मीचंद जैन होते. पुढे १९८९ मध्ये त्यांनाही रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

फरीदाबाद आज मोठे औद्योगिक शहर आहे, पण ते सहकाराचे शहर राहिले नाही. सरकारी खात्यांना हा प्रकार पचला नाही आणि काही वर्षांतच नगराचा कारभार नेहमीच्या वळणावर गेला. संघाच्या कार्यकर्त्यांनी याविषयीची आपली निराशा कधी लपवली नाही.

निर्वासितांच्या कामातून हस्तकलेकडे त्या कशा वळल्या?

वळल्या, असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. तेच काम पुढे चालू राहिले. छावण्यांत आलेल्या स्त्रियांच्या अंगी भरतकाम, विणकाम अशी हातची कला होती; नव्हते ते गिऱ्हाईक. दिल्लीत निर्वासितांच्या वस्तू विकण्यासाठी सरकारने सुरू केलेले कुटीरोद्योग विक्रीकेंद्र धड चालत नव्हते. १९५२ मध्ये त्याची व्यवस्था भारतीय सहकारी संघाकडे आली आणि जनपथावरच्या जुन्या बराकींतल्या या दुकानाचे रूप पालटले. हेच ‘कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम’; हे नाव मुंबईकरांना गेटवेजवळच्या दुकानामुळे माहीत असते.

येथे दुकानदारीतली एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. कारागीर माल दुकानात ठेवून जातो आणि विकला गेला तर पैसे मिळतात, ही जुनी पद्धत. त्यात माल पडून राहण्याचा सगळा धोका ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही त्याच्या डोक्यावर येतो. माल आधी रोखीने विकत घ्यायचा असेल तर दुकानापाशी भांडवल हवे, काय खपते याची पारख हवी, आणि पुढच्या खेपेला काय करून आणायचे हे कारागिराला सांगणारा माणूस हवा. हस्तकलेवरच्या प्रेमाने यातले एकही काम होत नाही. त्याला हिशेबाची वही लागते. हे समजणाऱ्या कलाप्रेमी व्यक्ती त्या काळात विरळा होत्या, आणि आजही फार आहेत असे म्हणवत नाही.

अखिल भारतीय हस्तकला मंडळात त्यांनी प्रत्यक्ष काय केले?

मंडळ १९५२ मध्ये स्थापन झाले आणि कमलादेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. मंडळ सल्लागार स्वरूपाचे होते, म्हणजे कागदावर अधिकार बेताचेच. त्यांनी ते फिरते केले. कारागिरांच्या गावी जाऊन कोण काय करतो, कच्चा माल कोठून येतो, मुलगा बापाचा धंदा का सोडतो आहे, हे पाहायचे, आणि एखादी कला शेवटच्या दोन-चार हातांवर आली असेल तर तेथे शिकवणीचे केंद्र काढायचे, असा क्रम होता.

आंध्र प्रदेशातील श्रीकाळहस्तीची कलमकारी हे याचे चांगले उदाहरण. विसाव्या शतकाच्या मध्यास देवळांसाठी पौराणिक कथांचे पडदे रंगवणारे कलावंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि जुन्या जाणत्यांकडून मुलांना शिकवण्याची सोय झाली. ही कला किती कामाची आहे, हे कृती पाहिल्यावाचून कळत नाही. सुती कापड प्रथम हिरड्याचा अर्क आणि म्हशीचे दूध यांच्या मिश्रणात भिजवून वाळवतात. दुधातल्या स्निग्धांशामुळे पुढे रंग फुटत नाही. गंजके लोखंड आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवून काळा रंग करतात. बांबूच्या काडीला लोकरीची किंवा चिंधीची गुंडाळी बांधून केलेल्या कलमाने, बोटांनी ती गुंडाळी हलकेच दाबत, रेघ ओढली की हिरड्यातले तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र येऊन ती कापडावर काळीभोर उमटते. जेथे तांबडा रंग हवा तेथे तुरटीचे पाणी भरतात आणि कापड रंगाच्या पाण्यात उकळतात. तुरटी असेल तेथेच तांबडे धरते. मध्ये मध्ये वाहत्या पाण्यात धुणे आहेच. हे सारे पाठ होण्यास वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे शिकणाऱ्याच्या पोटाची तजवीज कोणी तरी करावी लागते. कलमकारी वाचली ती या तजविजीमुळे.

दुसरे उदाहरण जयपूरच्या निळ्या भांड्यांचे. या भांड्यांत माती जवळजवळ नसतेच. गारेची पूड, काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक यांचा लगदा साच्यात दाबून ती घडवतात, कारण हा लगदा चाकावर उभा राहत नाही. निळा रंग कोबाल्टचा, मोरपिशी तांब्याचा. ही विद्या जयपुरात जवळपास संपली होती. कृपालसिंह शेखावत यांनी ती पुन्हा उभी केली आणि त्यांना कमलादेवी व राजमाता गायत्रीदेवी यांचे पाठबळ मिळाले. आज जयपूरला जाणारा प्रत्येक मराठी पर्यटक दाराला लावायची एखादी निळी मूठ घेऊन येतो. ती मूठ त्या परंपरेचे फार दूरचे नातवंड आहे.

कुशल कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार देण्याची योजना १९६५ मध्ये सुरू झाली. तिचे महत्त्व रकमेत नव्हते. गायकाचे, चित्रकाराचे नाव लोक घेतात. गालिचा विणणाऱ्याचे, पितळेवर कोरणाऱ्याचे नाव वस्तूवर कधी येत नसे. राष्ट्रपतींच्या हस्ते मिळालेल्या ताम्रपटामुळे गावात आणि बँकेत त्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

भारतीय हस्तकला परिषद ही निराळी संस्था आहे का?

होय, आणि हा गोंधळ नेहमी होतो. हस्तकला मंडळ सरकारी. भारतीय हस्तकला परिषद, म्हणजे ‘क्राफ्ट्स कौन्सिल ऑफ इंडिया’, ही १९६४ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेली स्वयंसेवी, धर्मादाय स्वरूपाची संस्था. सरकारी मंडळ हाताशी असताना बिनसरकारी संस्था काढण्याचे कारण कमलादेवींनी फरीदाबादला अनुभवले होते : खाते बदलते, सचिव बदलतो, आणि दहा वर्षांचे काम एका टिपणीने थांबते. निरनिराळ्या राज्यांतील परिषदा या संस्थेशी जोडलेल्या आहेत आणि तिच्या दुकानांना ‘कमला’ हे नाव दिलेले आहे.

त्याच १९६४ साली न्यूयॉर्क येथे जागतिक हस्तकला परिषदेची स्थापना झाली, तीत अमेरिकेच्या आयलीन ऑस्बर्न वेब यांच्याबरोबर कमलादेवींचा पुढाकार होता. परदेश त्यांना नवा नव्हता. तरुणपणी त्यांनी लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात समाजशास्त्राचा अभ्यास केला होता, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्या अमेरिकेत हिंडल्या होत्या. १९४१ मध्ये लुईझियानात आगगाडीच्या गोऱ्यांसाठी राखीव डब्यातून उठण्यास त्यांनी नकार दिला. भारतीय म्हणून आपल्याला सूट मिळू पाहते आहे, हे दिसताच आपणही ‘कलर्ड’, म्हणजे गौरेतरच, आहोत, असे त्यांनी तिकीट तपासनिसाला बजावले आणि त्या जागेवरून हलल्या नाहीत.

पुपुल जयकर आणि कमलादेवी यांचे काम एकच होते का?

दोघींची नावे जोडीने घेतली जातात, पण त्यांच्या वाटा निराळ्या होत्या. पुपुल जयकर यांचा भर हातमाग, निर्यात आणि पुढे १९८० च्या दशकातील भारत महोत्सवांवर होता, आणि सत्तेच्या वर्तुळाशी, विशेषतः इंदिरा गांधींशी, त्यांची जवळीक होती. मिथिलेच्या दुष्काळात तेथील बायकांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढायला लावण्यासाठी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना पाठवण्याचे श्रेय जयकरांचे आहे; हेच कुलकर्णी पुढे वारली चित्रांकडे वळले. कमलादेवी सत्तेपासून हातभर दूर राहत आणि कारागिराच्या संस्थेकडे अधिक पाहत. दोघींत मतभेद होते. त्यांचे भांडण रंगवून सांगण्याची जी हौस दिसते, तिच्यात मात्र फारसे हशील नाही.

रंगभूमीच्या क्षेत्रातील त्यांचे योगदान कोणते?

रंगभूमीची ओढ जुनीच होती. ‘मृच्छकटिका’वर आधारलेल्या १९३१ च्या मूकपटात त्यांनी भूमिकाही केली होती, आणि सारस्वत घरातल्या, तुरुंगात जाऊन आलेल्या कार्यकर्तीने पडद्यावर यावे याचे त्या काळी किती जणांना नवल वाटले असेल, याची कल्पना करता येते.

मराठी नाट्यरसिकांना जवळची संस्था म्हणजे मुंबईचे इंडियन नॅशनल थिएटर, म्हणजेच आयएनटी. १९४४ मध्ये ती स्थापन करणाऱ्यांत कमलादेवी होत्या. आयएनटीच्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत रात्री जागवलेल्या कित्येक मुंबईकर विद्यार्थ्यांना हे नाते ठाऊक नसते. त्यानंतर त्यांनी भारतीय नाट्य संघ उभा केला आणि तो युनेस्कोशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय नाट्यसंस्थेशी जोडला. या संघाने युनेस्कोच्या साहाय्याने १९५८ मध्ये दिल्लीत आशियाई नाट्यसंस्था काढली. ती लवकरच संगीत नाटक अकादमीकडे गेली आणि १९५९ मध्ये तिच्यातून राष्ट्रीय नाट्य विद्यालय आकाराला आले. १९६२ मध्ये त्याची सूत्रे घेणारे इब्राहिम अल्काझी जन्माने पुण्याचे. रोहिणी हट्टंगडी, वामन केंद्रे अशी मराठी रंगभूमीवरची ठळक नावे याच विद्यालयातून आलेली आहेत. बंगळूरची कथ्थक आणि नृत्यरचनेची ‘नाट्य’ ही संस्थाही १९६४ मध्ये भारतीय नाट्य संघाच्याच छत्राखाली सुरू झाली.

अकादमीने त्यांना १९७४ मध्ये आपले सर्वोच्च सदस्यत्व दिले आणि नंतर अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. लोककलावंत, कठपुतळीवाले आणि मंदिरांतल्या नाट्यपरंपरा चालवणारे यांना शास्त्रीय कलावंतांच्या पंक्तीला बसवण्याचा आग्रह त्यांनी तेथेही धरला. कळसूत्री बाहुली करणारा सुतार आणि ती नाचवणारा खेळिया यांच्यात भेद करणे, त्यांच्या मते, कारकुनी सोयीपलीकडे काही नव्हते.

त्यांच्या कामावर काही टीका झाली आहे का?

झाली आहे, आणि तिचा विचार करायला हवा. पहिला आक्षेप असा की, शहरी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे वस्तू बदलत गेल्या. देवाचा पडदा पलंगपोस झाला. आक्षेप खरा आहे, पण देवळाने पडदे घेणे थांबवले होते, हेही तितकेच खरे आहे. दुसरा आक्षेप पुरस्कारांविषयी : एकाच्या नावाने ताम्रपट निघतो, पण सूत भरणारी, रंग कुटणारी, वेळू तासणारी घरातली बायकामाणसे त्यात कोठेच नसतात. ज्या बाईंनी घरकामाच्या मोलाविषयी आयुष्यभर सांगितले, त्यांच्याच योजनेत ही फट राहावी, हे खटकते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्यांनी सहकाराच्या नावाने सुरू केलेल्या बहुतेक संस्था अखेर सरकारी झाल्या; कॉटेज एम्पोरियमचेही १९७६ मध्ये सरकारी महामंडळ झाले. गांधीजींनी घातलेली अट फरीदाबादपासूनच पाळता आली नव्हती, कारण पन्नास हजार माणसांचे नगर वर्गणीवर उभे राहत नाही. मात्र संस्थेच्या पाठीशी त्या जातीने उभ्या असेपर्यंतच खाते दबून असे, हे त्यांच्या पद्धतीतले वैगुण्य मान्य करावे लागेल.

त्यांना कोणते सन्मान मिळाले?

पद्मभूषण (१९५५), सामाजिक नेतृत्वासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार (१९६६) आणि पद्मविभूषण (१९८७) हे प्रमुख होत. शांतिनिकेतनने त्यांना देशिकोत्तम ही पदवी दिली. आधुनिक भारतावरील उत्तम ग्रंथाला दिला जाणारा, २०१८ पासून सुरू झालेला एक पुरस्कारही त्यांच्या नावाने आहे.

त्यांच्या कामाच्या खुणा आज कोठे पाहता येतात?

दिल्लीत प्रगती मैदानाला लागून असलेले हस्तकला संग्रहालय हे सर्वांत सोयीचे ठिकाण. त्याची सुरुवात हस्तकला मंडळाने १९५० च्या दशकात केलेल्या संग्रहातून झाली. आजची इमारत मूळचे गोव्याचे असलेल्या घराण्यातील वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची आहे. दालनांतल्या वस्तू पाहून झाल्या की मागच्या अंगणाकडे जावे. निरनिराळ्या प्रांतांतल्या झोपड्यांच्या नमुन्यांजवळ कारागीर प्रत्यक्ष काम करीत बसलेले असतात आणि त्यांच्याकडून वस्तू घेताही येते. संग्रहालयात काचेमागे वस्तू आणि अंगणात ती घडवणारा हात, ही मांडणी कमलादेवींच्या विचाराशी जुळणारी आहे.

जनपथावरचे कॉटेज एम्पोरियम आणि बाबा खडकसिंग मार्गावरचे ‘कमला’ ही दुकाने चालू आहेत. मुंबईत आयएनटीचे नाव टिकून आहे. अखिल भारतीय हस्तकला मंडळ मात्र २०२० मध्ये केंद्र सरकारने बरखास्त केले.